किला गेटची शेड आणि माझा राजीनामा

मी, वनमाला सूर्याजी काकडे, वय एकाहत्तर, राहणार जयेंद्रगंज, लष्कर, ग्वाल्हेर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. डोकं शाबूत आहे. किळस मात्र जात नाही.

१. राहतं घर व बँकेतली शिल्लक माझा भाचा मधुसूदन व भाची पद्मा यांना निम्मी निम्मी.

२. किला गेटची शेड फक्त पद्माची. कारण लिहिते.

नोकरीत असताना ई-कचरा गोळा करण्याची विभागीय योजना मी आखली होती. ग्वाल्हेर, मुरैना, भिंड, दतिया, प्रत्येक ठिकाणी एक लहान केंद्र. बॅटऱ्या, पिक्चर ट्यूब तिथेच वेगळ्या करायच्या. खात्याच्या पुनर्रचनेत वरच्या समितीने ठरवलं, सगळं एकत्र करून एकाच ठेकेदाराच्या आवारात टाका. तिथे तांब्यासाठी तारा उघड्यावर जाळतात. तो धूर मी स्वतः पाहून आले; किळस त्याचीच.

बैठकीत मी उठले. रागात मातृभाषाच तोंडी येते. "असं असेल तर हा माझा राजीनामा!"

अध्यक्ष खूश झाले. "लीजिए, बहनजी भी राज़ी!"

हिंदीत राजीनामा म्हणजे संमती. जन्म इथे गेला, तरी त्या क्षणी विसरले. टाळ्या पडल्या. "इस्तीफा" म्हणेपर्यंत समोसे आले होते. केंद्रांना कुलपं लागली.

नोकरी सोडून मी ई-कचरा वेगळा करायला ही शेड घेतली. पद्मा ती चालवते. काहीही जाळत नाही. आता तोच ठेकेदार ती मागतो आहे, आणि मधुसूदन त्याचा वकील.

"आत्या, देऊन टाक ना. मेरी बात हो चुकी है."

"आणि तिथे तारा जाळल्या तर?"

"किल्ल्याखाली कोण बघतंय!"

एवढं ऐकल्यावर मला विचार करावा लागला नाही. हातमोजे, पेचकस, ड्रिल, सगळं पद्माचं. तिने शेड त्या ठेकेदाराला विकू वा भाड्याने देऊ नये.

३. माझा बंद पडलेला टीव्ही मधुसूदनला. त्याने तो स्वतः उचलून पद्माच्या शेडमध्ये नेऊन द्यावा.

४. ही व्यवस्था बदलायला माझा राजीनामा आहे असं कोणी म्हटलं, तर तो मराठीत वाचावा.

ठिकाण: ग्वाल्हेर. दिनांक: ९ नोव्हेंबर २०२२.
सही: वनमाला काकडे

साक्षीदार:
उषाताई पांडुरंगराव मोघे, गोरखी
दौलतसिंह कान्होजी जाधव, किला गेट (शब्दाचा अर्थ विचारून घेऊन सही केली.)