चारची की सातची

सोमवार, १ फेब्रुवारी १९०९. धार.

आजपासून ही डायरी. आजपासून राग बंद. दोन्ही एकाच दिवशी सुरू केलेले बरे.

भवानीबाई संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी माहेरी देवासला गेल्या त्या अजून आल्या नाहीत. कारण उघड आहे. आपल्याकडे मोटर नाही. त्यांचे भाऊ गणपतराव मोटर घेणार, मोटर घेणार म्हणून गावभर सांगत फिरतात, आणि बाईमाणसाच्या मनाला हे लागते. आरशाचा काही संबंध नाही.

आरसा त्यांच्या आईने लग्नात दिलेला होता हे खरे. पण मी तांब्या फेकला तो खंडोजीवर. खंडोजी म्हणजे आमच्या वडिलांपासून घोडे सांभाळणारा मोतद्दार. तिळगूळ हातावर ठेवताना "गोड बोला" हे त्याने जरा जास्तच ठासून म्हटले. तांब्या येताना पाहून तो वाकला. तांब्या पुढे गेला. आरसा आपोआप फुटला.

बेत असा. छोटी टू-सीटर मोटर, चपळ, शर्यतीच्या धाटणीची. होळीच्या आत स्वतः चालवत देवासला जायचे. सासऱ्यांच्या दारात हॉर्न. भवानीबाई शेजारच्या सीटवर. की परत धार. माफी मागण्याचा प्रश्नच येत नाही. मोटर असलेल्या माणसाला ती मागावी लागत नाही.

गुरुवार, ४ फेब्रुवारी.

महूच्या पारशी शेठने ट्रायलसाठी दोन गाड्या पाठवल्या. कंपनी एकच. एक सन चारचे मॉडेल, एक सन सातचे. चालवून पाहा, तुलना करा, पसंत पडेल ती ठेवा, असा निरोप.

सोबत त्यांचा मेकॅनिक, उमाशंकर नावाचा. उतरल्या उतरल्या मला "भिया", म्हणजे भाऊ, म्हणाला. एक थोबाडीत दिली. मग "राव साब" म्हणाला. हा राग नव्हे, शिस्त.

दोन्ही गाड्या घोडा पाहतात तशा पाहिल्या. आमच्या घराण्यात तीन पिढ्या पागेचे काम आहे. जनावर ओळखायला मला वेळ लागत नाही. चारचीला वळवायला चाक नाही, नुसता दांडा आहे. छाती अरुंद. सातचीला गोल चाक, पितळी हॉर्न, बसायला मऊ. मात्र सातचीच्या कपाळावर रंगाचा एक भोवरा सापडला. अशुभ. उमाशंकरने तो बोटाने पुसला. म्हणाला, चिखल होता.

शनिवार, ६ फेब्रुवारी. सकाळी.

चारचीची ट्रायल. मुंज तलावाकडच्या रस्त्याने.

सुरुवात उत्तम. कदम चाल, मग दुडकी. चढावर मात्र रेंगाळू लागली म्हणून चाबूक काढला. एक पुढच्या पत्र्यावर, एक बाजूला. उमाशंकर म्हणाला, "राव साब, यो घोडो नी है, चाबुकसे कंई नी होय." त्यालाही एक बसला, पण तो चुकून. तो मधे आला.

दांड्याची गोष्ट अशी, की तो डावीकडे दाबला तर गाडी उजवीकडे जाते. हे आधी सांगितले होते, असे उमाशंकर म्हणतो. सांगितले असेल. समोरून म्हशी आल्या. मी त्यांच्यापासून दूर जाण्यासाठी दांडा दाबला आणि थेट त्यांच्यात गेलो. रेड्याने शिंगाने चारचीचा दिवा उपटला. मग मला उपटले. मग म्हशीवाल्याने काठी काढली. मीही चाबूक काढला. त्याची काठी लांब होती.

चारची: बरी. तोंड उलटे. म्हशींची भीती नाही.
राग: नाही.

बुधवार, १० फेब्रुवारी.

पाठ अजून दुखते. तरी पहाटे उठून चारची स्वतः सुरू करायची असे ठरवले. हे काम नोकरांवर सोडणारा मी नव्हे. शिवाय उमाशंकर नकोच म्हणत होता.

हँडल घालून फिरवले. हँडल उलटे फिरले आणि माझ्या उजव्या मनगटावर आले. आवाज उमाशंकरला आत ऐकू गेला. इतक्या वर्षांत एकाही घोड्याने माझ्यावर असा हात टाकलेला नाही. मी चारचीला लाथ घातली. चाकाला पोलादी पट्टी असते. अंगठ्याचे नख गेले.

वैद्यांनी मनगटाला फळ्या बांधल्या. महिनाभर हात हलवायचा नाही म्हणाले. मी त्यांना रोखठोक सांगितले, की होळीच्या आत देवासला जायचे आहे. ते म्हणाले, टांग्याने जा. त्यांना बाहेर काढले. म्हणजे ते आपण होऊनच गेले, पण घाईने.

सोमवार, १५ फेब्रुवारी.

सातचीची ट्रायल. डाव्या हाताने. गिअर उमाशंकरकडे, हॉर्नही त्याच्याकडे. चालवणारा मीच.

काय गाडी! वाऱ्यासारखी. चाक जिकडे फिरवावे तिकडे वळते, कसलाही उलटेपणा नाही. भवानीबाई शेजारी बसल्या आहेत असे मनाशी धरून चालवत होतो. त्या काहीतरी म्हणाल्या असत्या. काय, ते सुचेना. त्यामुळे बाजार केव्हा आला ते कळले नाही.

समोर हलवाई. थांबवायला मी चाक जोरात मागे ओढले. लगाम ओढला की कोणतेही जनावर थांबते. सातची थांबत नाही. ब्रेक पायाशी आहे, हे उमाशंकर ओरडून सांगत होता. पण ओरडून सांगितलेले मी ऐकत नाही, ही माझी जुनी सवय.

हलवाई "म्हारी कढाई! म्हारी कढाई!" असे ओरडला. कढई गेली. पाक रस्त्यावर. जिलेब्या सातचीच्या सीटवर. हलवायाने झारा हाणला, मी फळ्या बांधलेला हात हाणला. त्याचा दात पडला, माझ्या फळ्या सुटल्या. मग आम्ही दोघेही पाकात पडलो आणि कुणालाच नीट उठता येईना.

सातची: उत्कृष्ट. तोंड कडक. थांबण्याची खोड लावावी लागेल.
राग: थोडा. पाकामुळे.

शनिवार, २० फेब्रुवारी.

निर्णय: सातची. चारचीचे तोंड उलटे, आणि उलटे बोलणे मला सहन होत नाही. उमाशंकर म्हणाला, नव्या सालाची नऊची लवकरच महूला येते आहे. तिचा ब्रेक फार चांगला, थांबायचे झाले तर दोन दिवस थांबा. मी म्हटले, थांबण्यासाठी गाडी घेतो आहे का मी?

खंडोजीला पुढे देवासला पाठवले, की राव मोटर घेऊन येत आहेत. आज त्याचा निरोप आला एका गाडीवानाबरोबर. भवानीबाईंनी मोटरचे साल विचारले नाही. रंग विचारला नाही. एवढेच विचारले, की राग गेला का.

गाडीवानाने हे पाच माणसांत सांगितले. हाताशी खोगिराची रिकीब होती. त्याला लागली नाही, त्याच्या बैलाला लागली. बैल घेऊन तो जो पळाला तो माझा निरोप न घेताच.

जाता जाता एक सांगून गेला. खंडोजी देवासलाच राहणार आहे. इथे तांबे फार आहेत म्हणे.

घर मोठे आहे. एकट्याने जेवताना भांड्यांचा आवाज फार होतो. आज नवा तांब्या आणवला. जुन्याला पोचे आले आहेत.

शुक्रवार, ५ मार्च. देवास. रात्री.

अजून डाव्याच हाताने लिहितो आहे. आज अक्षर जास्तच वाकडे का, ते पुढे येईलच.

काल इंदूरला मुक्काम. आज क्षिप्रेपर्यंत सगळे सुरळीत. एका मेंढपाळाशी मारामारी, ती किरकोळ. पात्रातून गाडी लोकांनी ढकलून पार केली. मी बसून हुकूम दिले. एकाने "भिया, उतरो तो हलकी होय" म्हटले. मी उतरलो नाही. मारलेही नाही. ही प्रगती.

टेकडीवरचे देवीचे देऊळ दिसू लागले तेव्हा छाती भरून आली. खोटे कशाला लिहू, डोळेही भरले. धूळ होतीच.

देवासात राज्ये दोन आणि गाव एक. सासऱ्यांच्या घरासमोरचा रस्ता म्हणजे हद्द. अलीकडे थोरली पाती, पलीकडे धाकटी पाती. सासरे जयसिंगराव दारात उभे. गणपतराव उभे. खंडोजी सगळ्यांच्या मागे. आणि भवानीबाई. हिरवे लुगडे, हातात रुमाल. शेजारी त्यांची ट्रंक, दोरीने बांधलेली. साफसफाईसाठी बाहेर काढली असावी.

मी हॉर्न वाजवला. त्या हसल्या. मी पाहिले, हसल्या.

मग थांबायचे होते. उमाशंकर "पाव! पाव!" ओरडत होता. पाव म्हणजे पाय हे माहीत असूनही मी चाक ओढले. सवय. या वेळी चाक आले. संपूर्ण. हातात. सातची फाटकाच्या खांबावर गेली आणि मी डाव्या खांद्यावर आपटलो. पुढची चाके धाकट्या पातीत, मागची थोरलीत.

तरीही काही बिघडले नव्हते. मी उठलो. चाक हातात होतेच. भवानीबाई पुढे येऊ लागल्या होत्या, लागले का म्हणून विचारत. तेवढ्यात गणपतराव गाडीभोवती फिरून म्हणाले, "दाजी, ही सातची? नऊची निघालीय की आता."

मी त्यांच्या डोक्यात चाक घातले.

मामला नाजूक होता. मारणारा थोरल्या पातीत उभा, मार खाणारा धाकट्या पातीत आडवा. दोन्हीकडचे हवालदार आले आणि मला धरायचे कुणी यावर अदबीने बोलू लागले. मला वाट पाहणे जमत नाही. भेदभाव नको म्हणून दोघांनाही एकेक दिली. मग रस्त्यातल्या लोकांनी मला घेतले. त्यांत दोन्ही पात्यांची माणसे होती. इतके एकदिलाने काम झालेले मी या गावात पाहिले नव्हते. उजवा हात आता कोपरापासून गेला आहे.

खाली पडून पाहिले तेव्हा ट्रंक दारात नव्हती. भवानीबाईंनी ती स्वतः उचलून आत नेली, असे उमाशंकर म्हणतो. त्याला नक्की दिसले नसेल.

रविवार, ७ मार्च. धुळवड.

निकाल लागला. गणपतरावांनी तक्रार मागे घेतली, बहिणीच्या सांगण्यावरून. हवालदारांनी घेतली नाही. दोन्ही दरबारांचे म्हणणे एक पडले, की सुनावणी होईपर्यंत मी गाव सोडायचे नाही. सासरे जामीन राहिले. म्हणाले, "जावईबापू, आमच्याच घरी राहा, घराबाहेर पडू नका." म्हणजे सन्मानाने पाहुणचार.

मला भवानीबाईंची लहानपणची खोली दिली आहे. एकाच घरात राहायचे ठरल्यावर त्या किती दिवस बोलणार नाहीत? माझ्या हिशेबाने बेत पूर्ण झाला, फक्त गाव बदलले.

रात्री. महूहून नऊची आली आहे. गणपतरावांनी ट्रायलला मागवली होती, डोक्याला फडके बांधून तिच्याभोवती फिरताहेत. मला खिडकीतून दिसते. देखणी आहे. बोललो नाही.

सोमवार, ८ मार्च. दुपारी.

भवानीबाई धारला गेल्या.

नऊचीतून गेल्या. उमाशंकरने चालवली, मागे ट्रंक बांधलेली, शेजारी त्या. खंडोजी आधीच टांग्याने पुढे गेला होता घर झाडायला. मी खिडकीतून ओरडलो, की मी इथे आहे! सासरे खाली उभे होते, त्यांनी वर पाहून सांगितले. "तिला कळले, की तुम्हाला इथून हलता येणार नाही, म्हणून ती घरी निघाली."

म्हणजे शेवटी परतल्याच. मोटरनेच परतल्या. मी म्हणालो होतो तसेच.

गुरुवार, ११ मार्च. रंगपंचमी.

बाहेर रंग चालला आहे. माझ्याकडे कुणी आले नाही.

संध्याकाळी उमाशंकर धारहून आला. नऊचीचा ट्रायल रिपोर्ट मीच मागितला. रस्त्यात कुठे अडली नाही. कुणाला धडकली नाही. चढावर आरामात. बाईसाहेब अर्ध्या वाटेपासून गात होत्या. मी म्हटले, त्या गात नाहीत. एकोणीस वर्षांत गायलेल्या नाहीत.

घरी पोचल्यावर आधी काय केले, विचारले. तर खिळा ठोकून नवा आरसा लावला. इंदूरला थांबून घेतला होता. जुन्याच जागी.

माझ्यासाठी निरोप आहे का, विचारले. तो पायाकडे पाहू लागला. मी म्हटले सांग, मारणार नाही. तेव्हा म्हणाला, "बाईसाब ने कही, मोटर को तो दो-दो बरस में नवो मॉडल निकले. राव साब को उन्नीस बरस से वोई चली रियो है. नवो निकले तो ट्रायल वास्ते भेजजो."

भिंतीवर भवानीबाईंनी लहानपणी कोळशाने काढलेला घोडा आहे. त्याला लगाम काढलेला नाही.

काय उत्तर न्यायचे म्हणून उमाशंकरने विचारले, "तो जईने कंई कूं, भिया?"

भिया म्हणाला. उशाशी तांब्या होता. उचलला. उमाशंकर वाकला.

डावा हात खांद्याच्या वर जात नाही. तोंडापर्यंत जातो. पाणी प्यालो.