सकूची स्मरणशक्ती

४ फेब्रुवारी १९४६, सांगली

आजपासून नोकरी. हुद्दा रिसर्च असिस्टंट. संस्थानच्या प्राणिबागेत विलायतेहून आलेले डॉक्टर नानासो माकडांच्या बुद्धीचा अभ्यास करतात. त्यांना शिकलेला माणूस हवा होता. मी इंटरपर्यंत शिकलोय. म्हणजे इंटरच्या मध्यापर्यंत. कॉलेज मी आपणहून सोडलं. प्रोफेसरांच्या अंगावर डस्टर फेकल्यावर त्यांनीही तेच सुचवलं, हा योगायोग.

सध्या नोकरी कच्ची आहे. पक्की झाली की त्याच दिवशी सुभेदारांच्या घरी जाऊन त्यांच्या मुलीला, विजयमालाला, मागणी घालायची. तोवर राग बंद आणि चहा एकदाच.

५ फेब्रुवारी

पिंजऱ्यांचा रखवालदार हरिबा म्हणाला, "काय गड्या, माकडं राखायला आलास व्हय?" मी शांतपणे सांगितलं, राखायला नाही, अभ्यासाला. तो म्हणाला, "मग तुझी खायाची पाटी येगळी आणू, का त्यांच्यातच बसतोस?"

बादलीला लाथ मारली. अंगठा सुजलाय. चहा तीनदा.

११ फेब्रुवारी

प्रयोग असा. सकू नावाची माकडी. तिच्यापुढे तीन वाट्या पालथ्या. तिच्या देखत मी एका वाटीखाली शेंगदाणा ठेवतो. मग पडदा पाडायचा, थोडं थांबायचं, पडदा वर करायचा. योग्य वाटी उचलली तर तिला आठवण आहे असं ठरतं. डॉक्टरांची एकच ताकीद, माझा चेहरा कोरा हवा.

चेहऱ्याच्या बाबतीत मी दगड आहे. माझ्या मनातलं अजून कुणाला कळलेलं नाही.

१९ फेब्रुवारी

सुभेदारांच्या दारावरून तीनदा गेलो. विजयमाला धान्य पाखडत होती. तिने वर पाहिलं नाही. ज्यांचं आतून जुळलेलं असतं त्यांना पाहायची गरज नसते.

तिसऱ्या खेपेला सुभेदार ओट्यावरून म्हणाले, "काय हरवलंय का?" मी म्हणालो, नाही. त्यांना शंका आली नसावी.

३ मार्च

उंब्रजहून वडील आले. उभ्यानेच पिंजरा बघितला. "फडात ऊस उभा हाय, अन् तू हितं माकडाला शेंगा चारतोयस व्हय रं?" मी संशोधनाचं महत्त्व सांगायला लागलो. ते म्हणाले, "आरं, शेंगा तरी भाजून दे."

वाईट वाटलं नाही. हल्ली वाटतच नाही. ही प्रगती समजायची.

१५ मार्च

सकू चुकतच नाही. पडदा कितीही वेळ पाडा, वर केला की माझ्याकडे बघत वाट्यांवरून हात फिरवते आणि उचलते ती बरोबर. इतर माकडं तशीच ढ. डॉक्टर म्हणाले, अशी स्मरणशक्ती कुठं नोंदलेली नाही, मुंबईच्या परिषदेत यावर पेपर वाचतो. आणि नोकरी पक्की करायचं बघतो.

यात माझ्या शिकवण्याचा वाटा मोठा आहे. डॉक्टर तसं बोलले नाहीत, पण त्यांच्या मनात असावं.

२० मार्च

सुभेदार स्वतः बागेत आले. "रविवारी विजूला घिऊन येतो. बघायचा कार्यक्रम हाय. तुमी असा म्हंजे झालं. अन् जरा नीट कापडं घाला."

बघायचा कार्यक्रम. मी असायला हवा. नीट कापडं. मिल्ट्रीचा माणूस, वळसे घेत नाही. डॉक्टरांचा कोट मागून आणला. बाह्या लांब आहेत.

२४ मार्च, रविवार

आपल्याकडे मुलगी घरी दाखवून नकार आला तर गावभर होतं. म्हणून देवळात नाहीतर बागेत, सहज गाठ पडल्यासारखी दाखवतात. हे मला माहीत होतं. आजच्या कार्यक्रमाला लावून बघितलं नव्हतं, इतकंच.

मुलगा जोतीराम. विट्याचा, मद्रासला सोनं गाळायचं दुकान. सुभेदार मला म्हणाले, "माकडाची गंमत दावा की. पोरं जरा मोकळी व्हतील."

दाखवली. सकू एकदाही चुकली नाही. जोतीराम म्हणाला, "आवं, मी ठिऊन बघू का?" मनात हसून शेंगदाणा दिला आणि बाजूला झालो. सकू चुकली. परत चुकली. मग वाट्या सोडून मान लांब करून मला शोधायला लागली.

विजयमाला आईच्या कानाशी वाकली, पण ऐकू सगळ्यांना गेलं. "आये, ते वाट्यांकडं बघतच न्हाई. त्या कोटवाल्याच्या भुवयांकडं बघतंय. खऱ्या वाटीवर हात आला की वर जात्यात." आणि हसली. पदर तोंडाला लावूनही थांबेना. मग सगळेच हसले.

मागे उभे असलेले डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मला पाठ करून उभं केलं आणि प्रयोग पुन्हा केला. सकू बसून राहिली.

२६ मार्च

डॉक्टर म्हणाले, दीड महिना वाया गेला. मी राजीनामा द्यायला तोंड उघडलं. ते म्हणाले, "थांबा. माकडाला माणसाचा चेहरा किती वाचता येतो, आता हाच विषय घेऊ. इतका वाचता येणारा चेहरा मला दुसरा मिळायचा नाही."

नोकरी पक्की झाली.

ठरल्याप्रमाणे त्याच दिवशी सुभेदारांकडे गेलो. मी बोलायच्या आत त्यांनी हातावर पेढा ठेवला. "लय ब्येस काम केलंत बघा. दोन ठिकाणी पोरगी घुमी हाय म्हून न्हाई म्हणले. तुमच्यापाशी हसली, अन् पावण्यानं तितंच पसंत केली. काल सुपारी फुटली. तुमचं काय काम व्हतं?"

मी म्हणालो, असंच.

पेढा खाल्ला. चव लागली नाही. साखर रेशनची असावी.

७ एप्रिल

लग्नाला जायचं नाही. हा निश्चय शेवटचा.

१२ मे

निश्चय पाळला. अक्षता पडून गेल्यावरच पोचलो. थेट पंगतीला बसलो.

जोतीरामने आल्यागेल्याला माझी ओळख करून दिली. "ह्यांच्यामुळं जमलं बरं का." लोक मला निरखून बघत होते. मी जेवत होतो.

नंतर नवरानवरी पंगतीतून फिरत आली. विजयमाला माझ्यासमोर थांबली. म्हणाली, "दादा, माकडी बरी हाय का?"

मी म्हणालो, बरी आहे.

"जपा तिला," म्हणाली आणि पुढे गेली.

आमचं एवढंच बोलणं झालं. पहिलंच.