अक्षदाच्या नावे पियानो

मी, मीनाक्षी रघुवीर आजगावकर, वय ७८, राहणार दादर पश्चिम, पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोकं शाबूत आहे. गुडघे आणि कान यांच्याबद्दल तसं लिहून देता येणार नाही. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही. रोज संध्याकाळी घरी मुलांचा पियानोचा वर्ग असायचा, सवड मिळाली नाही.

१. राहती जागा आणि बँकेतील ठेवी भाचा पुष्कर याला. त्याने माझं सगळं केलं, तेही न कुरकुरता.

२. चेंडू, डफ आणि रंगीत रुमाल अँटॉप हिलच्या ज्या शाळेत मी दर शनिवारी शिकवत असे, तिथल्या मुलांना. कपाटात कुलूपबंद ठेवणार असतील तर देऊ नयेत.

३. जाड सतरंजी खालच्या मजल्यावरील हितेंद्र तेंडोलकर यांना. माझ्या वर्गातली मुलं वर नाचतात म्हणून त्यांनी तीस वर्षं सोसायटीकडे तक्रारी केल्या. सतरंजी हवी तर छताला ठोकावी. स्वतःच्या नातीला मात्र त्यांनी माझ्याकडेच घातलं, याची इथे नोंद करते.

४. पियानो. नव्या मुलांपैकी कुणालाच मी पहिलं वर्षभर त्याला हात लावू दिला नाही. मी वाजवायचे, मुलांनी अनवाणी चालायचं. सूर थांबले की थांबायचं, लय वाढली की पळायचं. ताल आधी पायांत यावा, मग बोटांत. पालक वैतागत, मी बधत नसे. याचा मला अजूनही अभिमान आहे.

१९९९ साली लालबागची अक्षदा पेडणेकर वर्गात होती, वय आठ. तिचं पाऊल कायम मागे पडायचं. वर्षअखेरीस मी सगळ्यांसमोर तिला म्हणाले, "तुला ताल नाही, बाळ. उद्यापासून येऊ नकोस." ती चपला हातात घेऊन जिना उतरली.

गेल्या जूनमध्ये परळला कान तपासायला गेले. काचेच्या खोलीत बसवून सांगितलं, आवाज आला की बोट वर करा. आवाज येत नव्हता आणि कबूल करायची लाज वाटत होती. म्हणून काचेपलीकडे तपासणारीचा हात हलला की मी बोट वर करत राहिले. ती मशीन बंद करून आत आली आणि माझ्या कानाशी वाकली.

"बाई, माझ्या हाताकडे बघू नका. तुमच्या वर्गात मीपण हेच करायचे. बाकीच्यांचे पाय बघून पाऊल टाकायचे."

मग तिने केस बाजूला करून आपल्या दोन्ही कानांतली यंत्रं दाखवली. ती अक्षदा होती. पन्नास वर्षं मी मुलांना ऐकायला शिकवलं आणि या पोरीला ऐकू येत नाही, हे मला कळलं नाही.

तिने माझ्याही कानात यंत्र बसवलं. मला तिथेच माफी मागायची होती. पण आता तिचं उत्तर स्पष्ट ऐकू आलं असतं. मी घाबरले आणि घरी आले.

पियानो अक्षदाला. वाजवावा, विकावा, की नको म्हणावं, तिची मर्जी. पुष्करने मध्ये पडू नये.

५. चौथं कलम तिने माझ्यामागे वाचावं, असं ठरवलं होतं. लिहिताना लक्षात आलं की मी तिच्या उत्तरापासून पळण्यासाठीच मरणाची वाट बघते आहे. तेव्हा सह्या झाल्या की याची एक प्रत घेऊन मी परळला जाणार आहे. ती काय म्हणेल ते ऐकूनच परत येईन.

हा मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि तो खरा आहे.

सही: मीनाक्षी र. आजगावकर

आमच्या डोळ्यांदेखत सही केली:
१. डॉ. सुशांत वेलणकर, माटुंगा
२. मनाली कोठारे, माहीम

दादर, मुंबई. दिनांक १९ ऑगस्ट २०२५, सकाळी अकरा.