अर्धा तंबू

रत्नागिरी,
बुधवार, २८ जानेवारी १९८७

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, बाकी तक्रार नाही. केळशीला तुमच्या कलमांना मोहोर कसा आहे? माईंना माझा नमस्कार सांग, तुला सांगावासा वाटला तर.

पत्राचं कारण तंबू. विमान वीस फेब्रुवारीला आहे. अथेन्सला उतरायचं आणि पुढे सायकल, दोन वर्षं. माझ्या खोलीतल्या नकाशावर आपण लाल पेन्सिलीने आखला होता तोच रस्ता. निघण्याआधी एकदा उघड्यावर राहून बघायचं हेही आपलंच ठरलेलं. सोमवारी सव्वीस जानेवारीची सुट्टी जोडून आली, म्हणून हेदवीच्या सड्यावर, गावावरच्या मोकळ्या माळावर, जाऊन दोन रात्री राहिलो. पण तंबूचा तुझा अर्धा तुझ्याकडेच आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात तो लष्करी तंबू घेतला तेव्हा दुकानदाराने दाखवलं होतं, आठवतं? दोन शिपाई, प्रत्येकाच्या पाठीवर एक अर्धा, मुक्कामाला बटणं लावली की एक घर. माझ्या अर्ध्याला नुसती काजं आहेत. बटणं तुझ्या अर्ध्याला.

शनिवारी जयगडपर्यंत सायकल, तिथून होडीने तवसाळला, आणि दुपार कलताना सड्यावर. खुंट्या काढल्या, हातोडा काढला आणि पहिल्याच घावाला खुंटी वाकली. कातळ! आपण दोघं जन्माने इथले. स्वित्झर्लंडच्या बर्फात कुठली खुंटी चालेल यावर तास तास बोललो, आणि आपल्या पायाखालच्या जांभ्याचा विचार कुणालाच सुचला नाही. तुला सांगावंसं वाटलं. वळून बघितलंही.

गवताचा भारा घेऊन एक बाई चालली होती. नाव सगुणा, खालच्या वाडीतली. ती भारा डोक्यावरच ठेवून बघत उभी राहिली.

"कातळात खुंट्या ठोकताव? अवो, दगड मांडा नि दोऱ्या बांधा त्येंना."

तसं केलं. एक बाजू उभी राहिली, दुसऱ्या बाजूला नुसतं आकाश.

"ह्यो अर्धाच मांडव? नवरी पळाली काय?"

मी हसलो. ती गेल्यावर भात शिजवला, हात सवयीने दोघांचा पडला. उरलेला सकाळी खाल्ला. वारा उघड्या बाजूने येत होता. त्या बाजूला सायकल आडवी लावली, तिचा काय आडोसा होणार.

रविवारचं लिहायचं नव्हतं. पण लिहितो.

हेदवीच का, असं तू विचारशील. सडे रत्नागिरीलाही आहेत. हेदवीहून गुहागर, पुढे धोपावे, खाडी ओलांडली की दाभोळ, तिथून केळशी. ते मनात धरूनच निघालो होतो. रविवारी सकाळी सायकल उत्तरेला वळवली आणि धोपाव्याच्या धक्क्यापर्यंत आलो. होडी लागलेली होती. नावाडी म्हणाला, "चला, एकाचीच जागा हाय." मी म्हटलं, पुढच्या खेपेला. तो गेला, परत आला, पुन्हा गेला. तीन खेपा मी धक्क्यावर बसून बघितल्या. मग परत फिरलो.

दारात उभा राहून तुला काय म्हणणार होतो? अण्णांच्या तेराव्याला तू मला मागीलदारी नेऊन म्हणालास, "गोपू, वर्षभर थांब. माईला आत्ता एकटीला कशी टाकू? वर्षश्राद्ध झालं की दोघं निघू." आणि मी म्हणालो, "बरं निमित्त सापडलं तुला."

तुझ्या वडिलांच्या मरणाला मी निमित्त म्हटलं. ज्यांनी आपल्याला सायकलचं पंक्चर काढायला शिकवलं त्या अण्णांच्या. तू आत जाऊन पानं वाढायला लागलास. मीही जेवून गेलो, दत्ता. वर तुमच्याकडची खीर दोनदा मागून घेतली.

संध्याकाळी सगुणा भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी घेऊन आली, बरोबर नवरा भागोजी. तो वाडीचा गुरव. मी परदेशी जाणार हे ऐकून तो बिथरलाच. "येवढ्या लांब चाललाव नि देवाला गाऱ्हाणं नाय घातलंत? सकाळी नारळ घेऊन या."

सोमवारी उजाडताना सड्याच्या टोकाला देवाच्या घुमटीपाशी गेलो. भागोजीने नारळ ठेवला, हात जोडले. "जानाऱ्याचं नाव?"

"गोपाळकृष्ण," मी म्हटलं. आणि मग, का कोण जाणे, "आणि दत्तात्रेय."

त्याने इकडे तिकडे बघितलं. सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, ही तुजी दोन लेकरं मुलूख सोडून चालली हायत. त्येंच्या वाटंतला काटा काढ, त्येंना एकमेकाच्या नजरंआड करू नको रे म्हाराजा."

मग थांबला. पाठीमागून 'व्हय म्हाराजा' म्हणायला माणसं लागतात. तिथे मी एकटा. आपल्याच गाऱ्हाण्याला आपणच व्हय म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की भागोजीने मान वळवली.

"ह्यो व्हय एकाचाच झाला. दुसरा कुठं हाय?"

"केळशीला."

"मग कळवा त्येला. हाय तिथनं म्हनू दे. देवाला आयकू येतं."

म्हणून हे पत्र. माझं चुकलं. हे धक्क्यावर बसून ठरवलेलं वाक्य नाही, तिथे याहून मोठी वाक्यं जुळवली होती. एवढंच खरं निघालं.

तंबूचा तुझा अर्धा मागायला बसलो होतो. आता पाठवू नकोस. नवा शिवूनही घेणार नाही. मी वीसला निघेन. दिवाळीनंतर अण्णांचं वर्षश्राद्ध झालं की तेव्हा मी जिथे असेन तिथला पत्ता तुला मिळेल. माईंची सोय लागली आणि मन झालं, तर तो अर्धा घेऊन ये. नाही झालं तरी माझी एक बाजू उघडीच राहील. दगड लावून उभं राहायला आता शिकलोय.

उत्तर नाही लिहिलंस तरी चालेल. फक्त एकदा, बागेत कुणी नसेल तेव्हा, तेवढं व्हय म्हण.

तुझा,
गोपू