माती कुणी काढायची

प्रिय सोर्खा,

फोन उचलायचा नाही असं तू ठरवलेलंच दिसतंय, म्हणून शेवटी कागद घेऊन बसलोय. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तुला ठाऊक आहे. तेव्हा सांभाळून घे. इनिशडोरा बेटावर सगळं आहे तसंच आहे. नव्या धक्क्याचं काम अर्धवटच पडलंय, बटाटे यंदा बरे आले, आणि तुझ्या त्या चुलतभावाच्या, डाहीच्या, मेंढ्या तुझ्या आईच्या कोबीत शिरल्या. मी म्हटलं, अरे, गेलेल्या काकूचा कोबी तरी सोड! तर म्हणतो, काका, मेंढ्यांना काय कळतंय कोण गेलं नि कोण राहिलं. तोंडाला तोंड देण्यात पहिला नंबर. पण रोज संध्याकाळी चूल पेटवायला तोच येतो, हेही लिहायला हवं.

उन्हाळ्यात अमेरिकन येऊन गेले, थुंकी तपासून काढलेले आपापल्या रक्ताचे टक्के घेऊन. एक बाई म्हणाली, मी ब्याऐंशी टक्के केल्ट आहे, तुम्ही किती? मी म्हटलं, बाई, टक्क्यांचं आणि माझं शाळेपासून जमलं नाही. मग तिने विचारलं, केल्ट असलं की आतून नेमकं कसं वाटतं हो? मी सांगितलं, थंडी वाजते. ती बिचारी ते वहीत लिहून घेत होती. डाही मागे हसून हसून लोळला. इतकी वर्षं मी या लोकांना असाच हसत आलो. मग तुझं पत्र आलं. त्यात तुझेही टक्के होते, आणि मला हसू आलं नाही.

वाढदिवसाला मैत्रिणींनी गंमत म्हणून ती तपासणी भेट दिली, तू गंमत म्हणून थुंकी पाठवलीस, आणि उत्तर आलं की तू निम्मी डॅनिश आहेस आणि डाहीच्या शिकागोतल्या पोरीशी तुझं कणभरही नातं लागत नाही. खरं आहे ते. आडपडदा कशाला? दीपगृहात नवा दिवा बसवायला आस्गर नावाचा एक डॅनिश माणूस आला होता, एका उन्हाळ्यापुरता. तो परत गेला तेव्हा त्याला काही माहीत नव्हतं, आणि तुझ्या आईलाही नव्हतं. दिवस गेल्याचं कळलं तेव्हा तिने ते आधी मला सांगितलं, जाळी वाळत घालतात त्या भिंतीपाशी. लग्नाची मागणी मी त्याआधीच घातली होती. म्हणाली, मॅनस, आता तू मोकळा आहेस. मी म्हटलं, उना, गाय ज्याच्या दावणीला, वासरू त्याचं. तिने हातातलं ओलं जाळं माझ्या तोंडावर फेकलं. म्हणाली, मी गाय का रे मेल्या? आणि मग रडायला लागली. आमचं लग्न असं ठरलं. तुला कधी सांगायचं नाही ही तिची अट होती, आणि मला तर सांगण्यासारखं काही आहे असं वाटतच नव्हतं. तू जन्मलीस तेव्हा पहिल्यांदा मीच घेतलं तुला. नाक माझ्यावर गेलंय असं मी गावभर सांगत फिरलो, आणि हळूहळू मलाही ते खरंच वाटायला लागलं.

पण तू रडतेयस ती आस्गरसाठी नाही, हे मला कळत नाही असं समजू नकोस. तू तुझ्या धाकट्या भावाबद्दल, कॉल्मबद्दल जे लिहिलंयस, ते वाचून मी दोन दिवस घराबाहेर पडलो नाही.

संत ऑर्नाटच्या थडग्यावरची माती आपल्याच घराण्याने काढायची. संताचं प्रेत किनाऱ्याला लागलं तेव्हा पाद्र्यांना, सरदारांना ते हलेना, आणि आपल्या पूर्वजाने एकट्याने उचललं, तेव्हापासूनचा हा मान. घरातल्या थोरल्याने काढायची. तो नसेल तर त्याच्या थोरल्या मुलाने नाहीतर मुलीने. डोकं उघडं, गुडघे टेकलेले, डावा हात, लोखंड लावायचं नाही. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येक नव्या होडीत चिमूटभर, आणि मरण पावलेल्या प्रत्येक माणसाच्या मुठीत चिमूटभर. परक्या रक्ताच्या हाताने काढली तर माती उलटते, होडी खाते, असं आपली म्हातारी माणसं सांगत. फादर मॅलकींनी एकदा रविवारी यावर तासभर झोडपून काढलं होतं सगळ्यांना. सोमवारी आले आणि म्हणाले, मॅनस, नवी मोटार घेतलीय, जरा चिमूटभर मिळेल का?

तुझ्या भावाची ती पहिली होडी. मी तेव्हा न्यूमोनियाने मुख्य भूमीवरच्या दवाखान्यात पडून होतो, म्हणून माती तू काढलीस. त्याच शरद ऋतूत तो गेला, आणि होडीची फळीसुद्धा मिळाली नाही. आता त्या तपासणीवरून तू हिशोब मांडलास की तुझं रक्त परकं, म्हणून तुझी माती उलटली, म्हणून कॉल्म बुडाला. बोस्टनच्या इस्पितळात इतकी वर्षं नर्स म्हणून काम करतेस, आणि हा निष्कर्ष काढलास! पण मी कोणत्या तोंडाने हसू? इथे जन्मलेल्या कुणीही हाच काढला असता. तुझ्या आईनेही काढला होता.

ऐक नीट. तुझी माती त्या होडीत नव्हतीच. तू कापडात बांधून आणलीस, आईच्या हातात दिलीस, आणि तिचा धीर सुटला. तुझ्या अंगात माझं रक्त नाही हे बेटावर दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातला एक दवाखान्यात. पोराच्या जिवाचा प्रश्न होता ग. ती डोंगरापलीकडे ग्रॉनियाआत्याकडे गेली. काय सांगितलं देव जाणे, दोघींच्या हातची असली तर बरी, असं काहीतरी. आत्याने काढली. सख्खी माझी बहीण, रक्तात खोट काढायला जागा नाही. ती माती आईने होडीत बांधली. म्हणजे कॉल्म गेला तो अस्सल मातीसकट गेला. वारा फिरला, आणि पोरगं हट्टी होतं, सगळे परतत असताना आणखी एक फेरी म्हणून पुढे गेलं. यापलीकडे काहीही नाही, सोर्खा. माझा मातीवर विश्वास आहे का, असं चर्चमध्ये विचारलंस तर नाही म्हणेन आणि समुद्रावर विचारलंस तर हो. पण तुझ्या हाताने माझा मुलगा मारला नाही, हे मी कुठेही सांगेन.

आईने मला हे शेवटच्या आठवड्यात सांगितलं. आयुष्यभर का बोलली नाही? कारण माती बदलली हे सांगायचं तर का बदलली तेही सांगावं लागलं असतं. तुझ्यावरचा विश्वास एका सकाळपुरता डळमळला, आणि तेच तिला कॉल्मइतकं सलत राहिलं. तुझं पुडकं तिने टाकलं नव्हतं. पिठाच्या डब्यामागून ते माझ्याकडून काढून घेतलं आणि म्हणाली, माझ्या मुठीत ही ठेव, दुसरी नको. बर्फात विमानं बंद होती म्हणून तुला येता आलं नाही, नाहीतर तूच पाहिलं असतंस. आई तुझी माती घेऊन गेली आहे.

आता हे सगळं आजच का, ते सांगतो. पोटात दुखतं म्हणून गेलो होतो, आणि डॉक्टरीणबाईंना मी हिवाळा काढेन असं वाटत नाही. रडू नकोस, म्हणजे रड, पण मग तिकीट काढ. माझ्या पाठोपाठ डाही थोरला, त्याचा हात तयारच आहे. मी त्याला बजावलंय, डाही, तुझी माती माझ्या मुठीत ठेवलीस तर शवपेटीत उठून बसेन. फादर म्हणाले, मॅनस, असं बोलू नये. मी म्हटलं, फादर, माझी थोरली लेक जिवंत आहे, तिच्या बापासाठी दुसऱ्याने का काढावी? तेव्हा ये. डोकं उघडं ठेव, गुडघे टेक, आणि मला पुरेल एवढी चिमूटभर काढ. आली नाहीस तर मी रिकाम्या मुठीने जाईन, पण दुसऱ्या कुणाची घेणार नाही.

तुझाच,
बाबा