नवं दावं

खराडी, पुणे
ता. ९ ऑगस्ट २०१०

चि. साईनाथ,

आबाचा आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहून पत्र सुरू करायची रीत आहे म्हणून लिहिलं. तसं ठीकच आहे. गुडघा दुखतो, पण तो तुझ्या जन्माआधीपासून दुखतो.

काल तुझा फोन येऊन गेला आणि आज लगेच पत्र, याचं तुला नवल वाटेल. मला फोनवर बोलता येत नाही. तू विचारतोस, मी "हं" म्हणतो, तेवढ्यात तुला दुसरा कुणाचा तरी फोन येतो. पत्रात असं होत नाही, म्हणून लिहितो.

तर तुझं पार्सल आलेलं नाही. दोन वर्षांमागं गणपतीत तू पैसे भरलेस. परदेशातली काही पोरं मिळून खेळायचं यंत्र बनवतायत, खिशात मावेल एवढं, दिवाळीला घरी येईल, असं सांगितलं होतंस. दिवाळ्या झाल्या. तुझी बदली बंगळूरला झाली, पत्ता मात्र इथलाच राहिला. पत्ता बदलला तर रांगेत मागं टाकतील म्हणालास. त्यामुळं वाट बघायचं काम माझ्याकडं आलं आणि मी ते चोख करतो. खुर्ची आता फाटकापाशीच ठेवलीय. पोस्टमन वळणावर दिसला की उठून उभा राहतो. तोही लांबूनच मान हलवतो, सायकलवरून उतरायचे त्याचे कष्ट वाचतात.

संध्याकाळी पारावर आमची बैठक असते. बैठक म्हणजे मी, हिंमतराव आणि गोपाळकृष्णपंत. हिंमतराव मार्केट यार्डातला कांद्याचा गाळा पोरावर सोपवून तुझ्या पार्सलची चौकशी करायला मोकळा झालाय. म्हणतो, "आरं संपत, माल बघितल्याबिगर पैसं देतं का कुणी? गडी पळालं हाय. तुझं पोरगं शिकल्यालं, पन येवहार न्हाई त्याला." पंत नारायण पेठेतून इथं राहायला आले, आपल्याच रानात झालेल्या बिल्डिंगमध्ये. ते तर कमी बोलून जास्त लागेल असं बोलतात. परवा म्हणाले, "संपतराव, पेठेत असतो तर तुमच्या फाटकावर पाटी लावली असती. पार्सल आलेले नाही. कृपया चौकशी करू नये."

मी दोघांना सांगितलं, माझ्या पोराने पारखून पैसे भरलेत, येणार म्हणजे येणार. खरं सांगू का, मला त्या यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. पण तुझी बाजू दुसरं कोण घेणार इथं?

वरच्या खोलीत भाडेकरू ठेवलीय. निशा नाव. वर्ध्याकडची आहे, आयटी पार्कात कामाला. गुणी पोरगी. तिच्या कॉम्प्युटरवर त्या पोरांनी काय लिहिलंय ते मला वाचून दाखवते. या खेपेला म्हणे बटणं चुकीची आली, ती परत पाठवलीत. मी म्हटलं, परत पाठवली म्हणजे पळाले नाहीत.

जेवणाची आबाळ करू नकोस. कळावे.

आबा

*

खराडी
ता. २२ नोव्हेंबर २०१०

चि. साईनाथ,

आशीर्वाद. गुडघा तोच. थंडी पडलीय.

काल तू फोनवर म्हणालास, "आबा, जाऊ दे आता, मी ऑर्डर रद्द करतो. ते पैसे परत द्यायला तयार आहेत." मी एकदम "नको" म्हणालो. तू हसलास. "तुम्हाला कशाला एवढी त्याची काळजी," असं विचारलंस. मी म्हणालो, एवढे दिवस थांबलो तर आणखी थोडे थांबू. तू "बरं" म्हणालास आणि फोन ठेवलास.

रात्रभर मनात तेच घोळत होतं, म्हणून आता नीट लिहितो.

तू पैसे भरलेस तेव्हा तुझी आई होती. तू तिला त्या यंत्राचं चित्र दाखवलंस, तर तिने विचारलं होतं, "यात पत्ते खेळता येतील का रे?" तू म्हणालास, सगळं येईल. ती टीव्हीच्या कपाटातला खण रिकामा करून बसली. तुळजाबाईचं सगळंच घाईचं. रोज मला विचारायची, "आलं का हो?" आणि मी तिच्यावर खेकसायचो, की आलं तर लपवून ठेवणार आहे का मी. पुढं माघात ती गेली. तो खण अजून रिकामाच आहे. मी त्यात काही ठेवत नाही.

ती होती तेव्हा तू फोन केलास की ती तासभर बोलायची आणि शेवटी मला द्यायची. मी "बरा आहेस ना" एवढं विचारायचो. बाकी सगळं तिच्याकडून मला कळायचं. आता मधलं माणूसच राहिलं नाही. तू आणि मी, दोघंही अडाण्यासारखे फोन कानाला लावून बसतो. वर्षश्राद्धाला येऊन गेलास, त्यानंतर तू आला नाहीस. मी कशाला नाही आलास असं विचारलं नाही आणि विचारणारही नाही.

पण दर रविवारी तुझा फोन येतो. "आबा, पार्सल आलं का?" मी म्हणतो नाही. मग तू म्हणतोस, "अजून नाही?" मग मी निशाने वाचून दाखवलेलं सांगतो, बटणं आली, आता काच अडली, मग तू म्हणतोस, असंच होतं आबा, लहान लोक आहेत, हळूहळू करतात. दोन मिनिटं का होईना, आपण बोलतो. पार्सल हा आपल्यातला एकच विषय उरलाय. तो तू रद्द करायला निघालास.

म्हणून नको म्हणालो. मला एकट्याला करमत नाही, साईनाथ. हे फोनवर जमलं नसतं.

एक गंमत सांगतो म्हणजे पत्र रडकं व्हायचं नाही. निशा परवा भाडं द्यायला खाली आली. दाराशेजारच्या खुंटीवर दोन दावी टांगलेली आहेत ना, ती बघून म्हणाली, "काका, हे दोर कायले टांगले? गुरं तर नाहीत तुमच्याकडं." तिला मी सांगितलं. तू तेव्हा कॉलेजात होतास, तुलाही ठाऊक नसेल. रान विकल्यावर आपली शेवटची जोडी शिक्रापूरच्या माणसाने नेली. बैल विकला तरी त्याच्या गळ्यातलं दावं द्यायचं नसतं. ते घरात ठेवायचं. त्याला नवं दावं आपण बांधून द्यायचं, आपल्या हाताने, आपल्या खर्चाने. जनावर सुखाने गेलं पाहिजे, पण घराशी त्याची गाठ सुटता कामा नये. तुझ्या आईने स्वतः बाजारात जाऊन सुताची नवी दावी आणली होती, लाल गोंड्याची. बांधताना रडली, आणि घेणाऱ्याला म्हणाली, वैरण वेळेवर घाला.

बंगला बांधताना टाइल्सवाला म्हणत होता, ही दोरखंडं टाकून द्या, भिंतीची शोभा जाते. तिने त्यालाच चहा न देता घालवला.

ऑर्डर रद्द करू नकोस.

आबा

*

खराडी
ता. २ फेब्रुवारी २०११

चि. साईनाथ,

हे पत्र तुला पार्सलातच मिळेल. म्हणजे यंत्र आधी हातात घेशील आणि पत्र मग वाचशील. तसंच कर, मला राग नाही.

तुझं पार्सल गेल्या गुरुवारी आलं. पोस्टमन वळणावर दिसला, आणि त्याने मान हलवली नाही, सायकलवरून उतरला. मी सही केली. घाईत सही बँकेतल्यासारखी आली नाही. तो म्हणाला, "चालतंय आबा."

खोकं घेऊन थेट पारावर गेलो. हिंमतरावाने हातात घेऊन वजन केलं, कांद्याची गोणी जोखतो तसं, आणि म्हणाला, "आलं की रं." एवढंच. पंतांनी चष्मा पुसला, वरचा पत्ता सावकाश वाचला आणि म्हणाले, "खराडीचं स्पेलिंग बरोबर आहे." पेठेतल्या माणसाने एवढी शरणागती पत्करणं म्हणजे पुष्कळ झालं.

दोन वर्षं त्यांची बोलणी खाल्ली, तर त्या संध्याकाळी मला केवढा आनंद व्हायला हवा होता. घरी येऊन खोकं टीव्हीच्या कपाटातल्या त्या खणात ठेवलं. दिवा लावला. आणि खुर्चीवर बसल्यावर लक्षात आलं की आता कशाचीच वाट बघायची नाही.

मग रविवार आला. तू विचारलंस, "आबा, आलं का?" आणि मी नाही म्हणालो. खोकं माझ्यासमोर होतं. तू म्हणालास, "अजून नाही? बरं. ठेवतो आबा, मीटिंग आहे." रविवारीसुद्धा तुला मीटिंग. फोन बंद झाल्यावर मी तो हातात धरून बसलो. तुझ्याशी खोटं बोलून मला मिळालं ते एवढंच, "बरं, ठेवतो." आणि तू तिकडं आपला वाट बघत राहिलास. वाट बघणं काय असतं ते मला माहीत आहे. दुसऱ्याला करायला लावायचं काम नव्हे ते.

पारावर सांगितलं तर हिंमतराव म्हणाला, "गप ठिव घरात. कुरियर करू नगंस. आलंय म्हनून कळीव, की येतंय बघ पोरगं गपगुमान." त्याचं म्हणणं मला पटलं होतं, खोटं कशाला सांगू. एक दिवस तेच ठरलं होतं. पण मग विचार केला, तू येशील, खोकं उचलशील, चहा पिशील आणि संध्याकाळच्या गाडीने जाशील. ते येणं खोक्याकडं. माझ्याकडं नाही. पंत घरी जाताना फक्त म्हणाले, "नीट बांधून पाठवा, काच असते."

निशाने यंत्र उघडून, चालू करून बघितलं. छान उजेड पडतो. त्यात पत्तेही आहेत. तिने मला शिकवले आणि मी दोन डाव हरलो. तुझ्या आईला हे सांगायचं राहिलं.

आता एक गोष्ट. खोक्यातली वायर, चार्जरची, मी काढून घेतली आहे. चिडू नकोस. तिच्या जागी नवी घातलीय, निशाला बरोबर नेऊन दुकानातून पारखून आणली, लावून बघितली, चालते. दुकानदार म्हणाला, आजोबा, जुनी खराब झाली का? मी म्हटलं, नाही, ती चांगली आहे म्हणूनच. त्याला काही कळलं नाही. निशा हसायला लागली होती, मग तिचं लक्ष माझ्या तोंडाकडं गेलं आणि तिने जुनी वायर नीट गुंडाळून माझ्या हातात दिली.

तेव्हा तुझं काही अडणार नाही. त्या वायरीसाठी यायची तुला गरज नाही, म्हणूनच नवी दिली. आता या घरात तुझी कुठलीच वस्तू अडकलेली नाही, आणि रविवारी विचारण्यासारखंही काही राहिलं नाही. हे मला ठाऊक असून पाठवतोय.

तुला हे घर बघवत नाही, ते मला कळतं. तिचं कपाट, तिचा पाट, सगळं आहे तिथंच आहे. मलाही बघवत नाही, पण मी त्यातच राहतो. दोघांनी मिळून बघितलं तर जमेल कदाचित. कामाशिवाय आलास तरच ते जमेल.

यंत्र जपून वापर. डोळ्यांना ताण देऊ नकोस. जेव वेळेवर.

जुनी वायर दाव्यांच्या खुंटीला लावली आहे. रविवारी मी घरीच असतो.

तुझा,
आबा