पिकअपला ट्रकचा टर्बो

ती. नवलमामा,

मोठी वस्तू ती चांगलीच, हे आपल्याकडे कोणी ठरवलं असेल? मी घरातली पहिली पदवीधर, पण मला याचं उत्तर येत नाही.

तरी आधी साष्टांग नमस्कार. मामींचे गुडघे कसे आहेत? पिंपळनेरला थंडी फार असेल. इकडे अमळनेरात सगळे बरे, आबांची पिकअप सोडून.

तिचा टर्बो गेल्याचं ऐकून तुम्ही एसटीने पाठवलेला ट्रकचा टर्बो हळदकुंकू आणि खणासकट पोचला. आईने त्याला ओवाळलं. मिस्त्री जब्बारचाचांनी मात्र मला बाजूला बोलावून विचारलं, हा पिकअपला चालेल का, कारण मी फिजिक्सवाली. मी दोन दिवस वाचलं आणि सगळ्यांना ओट्यावर बसवून सांगितलं, की इंजिनातून निघणारा धूर टर्बोचं चाक फिरवतो आणि ते चाक इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. लहान चाक थोड्या धुरावर लगेच फिरतं, पण गाडी फार पळवली की त्याचा दम संपतो. मोठ्या चाकाला हलायलाच ढीगभर धूर लागतो. शिवाय ए/आर नावाचा एक आकडा असतो, म्हणजे धुराची वाट किती मोकळी ते. (केळीला पाणी देताना नळीचं तोंड अंगठ्याने दाबलं की धार जोरात जाते, आकडा लहान असला की तसंच.) तुमच्या टर्बोची दोन्ही मापं ट्रकलाच शोभणारी. आबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बठ्ठं खरं शे माय, पन मामानी दिधेल वस्तूले नही कसं म्हनानं?" जब्बारचाचा म्हणाले, "बेटी, आकड्यांशी मी भांडेन, तुझ्या मामांशी नाही." बसवला.

पहिलीच खेप केळी घेऊन सुरतेला. मीही सोबत गेले. कोंडाईबारीच्या चढावर आबांनी पाय दाबला आणि गाडी विचारात पडली. मागे काळा धूर, पुढे काही नाही. उसाचा ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून गेला, त्यावरच्या बाईने मला हात केला. (मीही केला, माणुसकी म्हणून.) चढ संपून सपाट रस्ता लागला तेव्हा टर्बो जागा झाला, पंगत उठल्यावर वाढायला धावणाऱ्या आपल्या सुपडूकाकांसारखा. समोर नेमका गतिरोधक. सुरतेच्या व्यापाऱ्याने सांगितलं, आणखी एकदा उशीर झाला तर दुसरी गाडी लावीन. आबांची कायमची खेप तेवढी एकच आहे.

म्हणून विनंती, की टर्बो काढायची परवानगी द्यावी. तुमचं मन मोठं आहे. (इथे मोठं चांगलंच.)

तुमची भाची,
दिपमाला

ता. क. परवानगीची वाट पाहणारच होते. पण गेल्या आठवड्यात आबा नशिराबादला लग्नाला गेले, तेव्हा जब्बारचाचांनी आणि मी पिकअपच्या मापाचा टर्बो बसवून टाकला. तेव्हापासून केळी वेळेवर पोचतात. आबा चौकात सांगतात, "नवलभाऊना टर्बो आते रुळना." म्हणजे तुमचाच टर्बो आता रुळला, असं त्यांना वाटतं. माणसाने खरं बोलावं असं मी मानते, आणि रोज सकाळी बोलायचं ठरवतेही. तोवर आबांचा फोन आला तर तुम्ही आभार मुकाट्याने घ्यावेत, ही खरी विनंती.

दुसरा ता. क. तुमचा टर्बो आज सकाळी पिंपळनेरच्या एसटीत ठेवला. माहेरहून आलेलं भांडं रिकामं परत करू नये असं आई म्हणाली, म्हणून धुऊन-पुसून त्याच्या तोंडात कुरडया भरल्या आहेत. लहान टर्बोत एवढ्या मावल्या नसत्या.